गरम झाल्यावर डुलणारी लिफ्ट: जुन्या ट्रॅक्टरचा पंप बदलण्याआधी काय बघायचं

सकाळी पहिल्या तासात नांगर झटक्यात उचलला जातो. तेल तापलं की तोच नांगर वर जातो आणि डुलायला लागतो. लिव्हर जागेवर असतो, कुणी हात लावलेला नसतो, तरी अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे हात दोन बोटं खाली येतात, पुन्हा वर जातात, पुन्हा खाली. दर दोन-तीन सेकंदांनी हेच. इंजिन बंद केलं की नांगर झपाट्याने खाली येतो.

हा त्रास मी तीन हंगाम सोसला. दोनदा पंप काढून दुरुस्त करून घेतला. दोन्ही वेळा महिना-दीड महिना लिफ्ट नव्यासारखी चालली आणि मग तेच दुखणं परत आलं. पंपात दोष नव्हताच. दोष कुठे होता, तो परत परत का येत होता आणि पंप न खोलता तो कसा कळला असता, ते सगळं इथे लिहितो. जुना ट्रॅक्टर जपणाऱ्या प्रत्येकाची ही मेहनत वाचावी, एवढीच इच्छा आहे.

हे लिखाण फर्ग्युसन पद्धतीच्या लिफ्टबद्दल आहे. १९३९ चा फोर्ड ९एन, १९४६ ते १९५६ या काळात बनलेला टीई२०, १९५६ चा एफई३५ आणि पुढचे मॅसी फर्ग्युसन ३५ हे सगळे याच घराण्यातले. तपशिलात फरक आहेत, पण मूळ विचार एकच आहे. तो समजला की निम्मं निदान बसल्या जागी होतं.

ही लिफ्ट चालते कशी

या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप बाहेर कुठे दिसत नाही. तो सीटच्या खाली, मधल्या हाउसिंगच्या पोटात, तेलातच बुडालेला असतो. चार पिस्टनच्या या पंपाला पीटीओचा, म्हणजे मागच्या अवजारांना फिरती ताकद देणारा, शाफ्ट फिरवतो. गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच. त्यामुळे गिअरच्या दातांचा चुरा, वरून शिरलेलं पाणी, सगळं शेवटी लिफ्टच्या वाट्याला येतं.

दुसरी खासियत म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या सक्शनवर, म्हणजे तेल ओढायच्या बाजूला आहे. बहुतेक हायड्रॉलिकमध्ये पंप सतत तेल फेकतो आणि ते कुठे पाठवायचं ते पुढचा व्हॉल्व्ह ठरवतो. इथे लिव्हर वर केला की पंपाला तेल ओढायची वाट मिळते. हात हव्या त्या उंचीवर पोचले की आतली लिंकेज (जोडदांडे) ती वाट बंद करते आणि पंप नुसता फिरत राहतो. लिव्हर खाली केला की सिलिंडरमधलं तेल परत हाउसिंगमध्ये पडतं आणि हात अवजाराच्या वजनाने खाली येतात. सिलिंडर एकाच बाजूने जोर लावतो. खाली दाबायचं काम तो करत नाही.

आता नांगर वर थांबलेला असताना काय होतं ते बघा. सक्शन बंद आहे. सगळं वजन पंपाच्या पुढे अडकलेल्या तेलावर तोललेलं आहे. हे तेल पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हपासून (तेल बाहेर सोडणाऱ्या झडपेपासून) उभ्या पाइपमधून वरच्या कव्हरमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये, एवढ्याच वाटेत कोंडलेलं असतं. या वाटेत कुठेही गळती असली की हात खाली सरकतात. ते सरकले की लिंकेज सक्शन उघडते, पंप तेल भरतो, हात वर जातात, सक्शन पुन्हा बंद. यालाच आपण लिफ्ट डुलते म्हणतो.

म्हणजे डुलणारी लिफ्ट हा पंप जिवंत असल्याचा पुरावा आहे. हात खाली आल्यावर ते पुन्हा वर नेतंय कोण? पंपच ना! पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून गळती असू शकते, ती शक्यता उरतेच. पण पंप संपला, तो बदला, असं नुसत्या डुलण्यावरून कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा. मला हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

थंड आणि गरम

सगळ्यात मोठी खूण फुकट मिळते. त्रास तेल थंड असताना होतो की गरम झाल्यावर, ते नीट बघा.

थंड असताना लिफ्ट चांगली आणि तापल्यावर वाईट असेल, तर गळती दाबाच्या बाजूला आहे. तापलेलं तेल पातळ होतं आणि सकाळी ज्या फटीतून ते जेमतेम झिरपत होतं, तिथूनच दुपारी वाहू लागतं. पिस्टनच्या रिंगा, उभ्या पाइपच्या ओ-रिंगा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह, किंवा खरोखरच झिजलेला पंप, यांतलं काहीतरी.

याच्या उलट, सकाळी लिफ्ट कुरकुरत, धक्के देत उचलते आणि तापल्यावर सुधारते, तर सक्शनची बाजू बघा. जाड तेल तुंबलेल्या जाळीतून ओढलं जात नाही. पंप गुरगुरतो, रेस वाढवूनही उचलण्याचा वेग फारसा वाढत नाही. तेलाची पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि तेलावर फेस दिसतो. इथे काम सोपं आहे. तेल काढा, जाळी रॉकेलने धुवा, पातळी बघून नवं तेल भरा.

अजिबातच उचलत नसेल तर खोलायच्या आधी पीटीओचा लिव्हर बघा. टीई२० वर आणि फोर्ड ९एन, ८एन वर पीटीओ जोडल्याशिवाय पंप फिरतच नाही. लिव्हर घसरून न्यूट्रलला गेलेला असतो आणि माणूस वरचं कव्हर खोलून बसतो. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पंपही थांबतो, हेही लक्षात ठेवा. क्लच दाबून लिफ्ट तपासली तर ती मेलेलीच वाटणार.

बाटलीतलं तेल

त्यानंतर तेल. डिपस्टिक काढून नुसती पातळी बघू नका, रंग बघा. दुधाळ, चहासारखं तेल म्हणजे पाणी. शंका असेल तर काचेच्या बाटलीत थोडं तेल घेऊन रात्रभर ठेवा. माझ्या बाटलीत सकाळी तळाला बोटभर पाणी होतं, त्यावर करड्या गाळाचा पातळ थर, आणि वर तेल. ती बाटली बघितली तेव्हाच मला उत्तर मिळायला हवं होतं. मी तेल बदललं आणि पाणी आलं कुठून हा प्रश्न सोडून दिला.

पाणी येण्याची नेहमीची वाट म्हणजे गिअर लिव्हरचं रबरी बूट. ते उन्हाने तडकतं. ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा असला की लिव्हरवरून ओघळणारं पाणी सरळ गिअरबॉक्समध्ये जातं. तेल भरायच्या टोपणाचं पॅकिंग गेलेलं असेल तर तीही एक वाट. शिवाय थोडा वेळ चालवून बंद केलेल्या, कधीच पुरता न तापणाऱ्या ट्रॅक्टरच्या पोटात हवेतली ओल धरते.

तेल काढताना एकच प्लग काढून भागत नाही. गिअरबॉक्स, मधलं हाउसिंग आणि मागचा ॲक्सल यांच्या तळाला वेगवेगळे ड्रेन प्लग असतात. एक खोलला तर बाकीच्या खोलगट जागी पाणी तसंच राहतं आणि नव्या तेलात मिसळतं. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी, इंजिन न लावता, प्रत्येक प्लग हळूच सैल करा. पाणी जड, म्हणून तेच आधी येतं.

नवं तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या. लिफ्ट गळते म्हणून जाड तेल भरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने थोडे दिवस बरं वाटतं, कारण जाड तेल फटीतून कमी गळतं, पण सकाळी तेच तेल पंपाला ओढवत नाही. डिफरेन्शियलसाठी मिळणारं कडक ईपी तेलही डोळे झाकून भरू नका. त्यातली काही रसायनं पितळ-कांशाच्या भागांना खातात.

गळती डोळ्यांनी बघायची

आता मुख्य तपासणी, जी मी सगळ्यात शेवटी केली आणि सगळ्यात आधी करायला हवी होती.

३५ च्या मधल्या हाउसिंगवर बाजूला कव्हरं असतात. डिपस्टिक असलेलं कव्हर काढलं की आतला पंपाचा वरचा भाग, उभा पाइप आणि वर टांगलेला सिलिंडर हे सगळं दिसतं. थोडं तेल आधी स्वच्छ डब्यात काढून घ्यावं लागतं, नाहीतर कव्हरच्या तोंडातून ते पायावर येतं. पंप तळाशी असल्याने उरलेल्या तेलावर एकदा उचलण्याइतकं काम तो करतो.

तेल आधी चांगलं तापवून घ्या. थंड तेलावर ही तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण त्रास गरम तेलाचा आहे. मागे नांगर किंवा तेवढ्याच वजनाचं अवजार जोडा. कव्हर काढून बाजूला ठेवा, सीटवरून इंजिन सुरू करा, अवजार पूर्ण वर घ्या आणि इंजिन बंद करा. मग अवजाराखाली भक्कम लाकडी ठोकळे असे रचा की अवजार आणि ठोकळा यांच्यात चार बोटांची जागा राहील. ठोकळे बाजूने सरकवा, अवजाराखाली वाकू नका. अवजार खाली आलं तरी चार बोटंच येईल.

इंजिन चालू असताना त्या भोकात हात किंवा डोकं घालू नका. आत शाफ्ट फिरतोय. आणि इंजिन बंद असलं तरी गळतीच्या जागी बोट लावू नका. वजन वर असताना त्या वाटेत दाब असतोच आणि उचलताना तो दोन हजार पीएसआयच्या पुढे, म्हणजे १४० बारच्या आसपास किंवा वर जाऊ शकतो. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतलं मांस सडतं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. असं झालं तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, त्याच तासात दवाखाना गाठा. धार शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून धरा.

आता टॉर्च मारा आणि तेल कुठून पडतंय ते शांतपणे बघा. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून, पिस्टनच्या कडेने तेल ओघळत असेल तर रिंगा किंवा सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली गोल भिंत. उभ्या पाइपच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला धार असेल तर ओ-रिंग. ही दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटणारी. रिलीफ व्हॉल्व्हच्या तोंडातून झिरपत असेल तर तो नीट बसत नाही. आणि यांपैकी कुठेही तेल दिसत नसूनही अवजार खाली येत असेल, तर गळती पंपाच्या आत, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून आहे. पंप काढायचा निर्णय इथे, या टप्प्यावर घ्यायचा.

प्रेशर गेज लावून हेच कळणार नाही का? वरच्या कव्हरला बाहेरच्या जोडणीसाठी प्लग असतो, तिथे गेज लावता येतो. पण तो गेज आणि सिलिंडर एकाच वाटेवर आहेत. सिलिंडर गळत असेल तरी गेज कमीच दाखवणार. माझ्या पंपाला पहिल्या वेळी दोषी ठरवलं ते याच गेजने. दाब पूर्ण आला तर पंप चांगला, हे खात्रीने म्हणता येतं. दाब कमी आला तर पंप वाईट, हे म्हणता येत नाही.

माझ्या ट्रॅक्टरचा दोष

टॉर्चच्या उजेडात दिसलं ते असं. सिलिंडरच्या तोंडातून, एकाच कडेने, करंगळीएवढ्या जाडीची संथ धार. बाकी सगळं कोरडं.

वरचं कव्हर चेन ब्लॉकने उचललं. ते दोघांनी हाताने उचलायच्या फंदात पडू नका, वजनदार आहे आणि आतली लिंकेज अडकून वाकते. सिलिंडर काढला, पिस्टन ढकलून बाहेर घेतला. रिंगा जेमतेम दोन महिन्यांच्या, तरी एका बाजूने कडा खाल्लेल्या. बोअर पुसून उजेडाकडे धरला. आतला अर्धा भाग आरशासारखा होता. उघड्या तोंडाकडच्या भागात मात्र तपकिरी पट्टा, आणि त्यावरून नख फिरवलं की अडकावं असे खड्डे.

मग सगळा उलगडा झाला. ट्रॅक्टर उभा असताना लिफ्ट खाली असते, पिस्टन सिलिंडरच्या बंद टोकाला असतो आणि पुढचा बोअर उघडा पडतो. सिलिंडर तेलाच्या पातळीच्या वर, कव्हरला टांगलेला आहे. तेलात पाणी असलं की त्याची वाफ नेमकी या उघड्या धातूवर धरते आणि तिथे गंज चढतो. हंगाम सुरू झाला की पिस्टन वर जाताना रिंगा त्या गंजावरून घासत जातात.

अर्ध्या उंचीवर माझा नांगर तासभर टिकायचा आणि पूर्ण वर नेला की डुलायचा. ही खूण माझ्यासमोर तीन हंगाम होती. पिस्टन गुळगुळीत भागात असेपर्यंत तेल अडायचं, खड्ड्यांवर गेला की सुटायचं. तुमची लिफ्ट एका ठरावीक उंचीवरच डुलत असेल, तर बोअरवर संशय घ्या.

पंपाच्या दुरुस्तीनंतर महिनाभर लिफ्ट का चालायची, तेही कळलं. ३५ चा पंप काढायचा तर वरचं कव्हर काढावंच लागतं. दोन्ही वेळा कव्हर उघडलेलंच आहे म्हणून मेकॅनिकने सिलिंडरमध्ये नव्या रिंगा आणि पाइपला नव्या ओ-रिंगा घातल्या होत्या. नव्या रिंगांनी महिनाभर तेल अडवलं, मग खड्ड्यांनी त्यांच्याही कडा कापल्या. श्रेय पंपाला मिळालं. बोअर पुसून कुणी बघितला नाही, मीसुद्धा नाही.

हलका गंज असेल तर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, बोअर साफ होतो. नख अडकत असेल तर तो सिलिंडर वाचवण्याच्या नादी लागू नका, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा एकत्र बदला. मी तेच केलं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, पिस्टन तेलात बुडवून, रिंगा बोटांनी दाबत हळूहळू आत घ्या. पाइपच्या ओ-रिंगा जुन्या चांगल्या दिसल्या तरी नव्याच घाला. वर्षानुवर्षं दाबून त्या चपट्या झालेल्या असतात. आणि सिलिंडरबरोबर गिअर लिव्हरचं बूट बदला. ते राहिलं तर नवा सिलिंडरही त्याच वाटेने जाणार.

कव्हर परत बसवताना एका जागी बहुतेकांचं चुकतं. वरच्या लिंकेजचा उभा दांडा खाली पंपाच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या रोलरपाशी योग्य बाजूला यायला हवा. तो चुकीच्या बाजूला बसला तर लिफ्ट एकतर उचलणारच नाही, किंवा वर जाईल आणि खाली येणार नाही. म्हणून बाजूचं कव्हर उघडंच ठेवा, एकाने वरचं कव्हर हळू उतरवायचं आणि दुसऱ्याने बाजूने बघत तो दांडा जागेवर घ्यायचा. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. बोल्ट आवळण्याआधी लिव्हर वर-खाली करून आतला व्हॉल्व्ह त्याच्याबरोबर हलतोय हे डोळ्यांनी बघा. दुरुस्तीनंतर लिफ्ट खाली येत नाही अशी तक्रार आली तर आधी इथेच बघायचं. दुरुस्ती न करताच ती वर अडकायला लागली असेल, तर गाळाने चिकटलेला कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा कोरडा पडलेला क्रॉस शाफ्ट (लिफ्टचे हात ज्यावर बसतात तो आडवा दांडा), आणि शाफ्टला ग्रीस देणं हे पहिलं काम.

सगळं जोडल्यावर ट्रॅक्टर तासभर कामाला लावला, तेल पुरतं तापू दिलं. नांगर पूर्ण वर घेतला, इंजिन बंद केलं आणि फाळाच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजून टायरवर खडूने लिहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं. नांगर दीड इंच खाली आला होता. जुन्या लिफ्टला एवढं चालतं, नांगर रात्रभर वर धरून ठेवायला ती बनवलेलीच नाही. आधी इंजिन बंद केल्यावर तोच नांगर मला सीटवरून उतरूही देत नसे.

आता दर पावसाळ्यानंतर ड्रेन प्लग सैल करून बाटलीभर तेल काढतो आणि रात्रभर ठेवतो. यंदाही तळाला काही नव्हतं.